लिलावात गेलेली वाकळ

आमच्या चर्चचं छप्पर पडलं तेव्हा आत कुणीच नव्हतं, एवढे देवाचे उपकार. कोरोनात चर्चला कुलूप लागलं होतं आणि तेवढ्या काळात वाळवीनं वासे आतून खाऊन टाकले होते. एका दुपारी मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मोठा आवाज झाला म्हणून धावत गेले, तर पाळकसाहेब किल्ली हातात घेऊन दारात उभे. कुलूप उघडायचं त्यांना धाडस होत नव्हतं. शेवटी उघडलं. वेदीच्या उजव्या अंगाची सगळी कौलं बाकांवर पडली होती आणि वर निळं आभाळ दिसत होतं. पाळकसाहेब एका बाकावरची धूळ रुमालानं पुसायला लागले. मी म्हटलं, "साहेब, राहू द्या." तरी ते पुसतच राहिले.

आमचं गाव विट्याच्या पुढं, कवठे महांकाळकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. ख्रिस्ती घरं चाळीसेक. त्यात शिक्षक, नर्स, ड्रायव्हर, दोन-चार घरं शेतीवाली. श्रीमंत असं कुणी नाही. छप्पर नवं घालायचं तर पैसा बाहेरून आणि घरातून, दोन्हीकडून गोळा करावा लागणार होता. पंचांची बैठक झाली, सगळे पुरुष मान खाली घालून बसले, आणि बायकांच्या बाकावरून सिस्टर म्हणाली, "आमी बायका करतो काहीतरी. तुमी निस्तं न्हाई म्हनू नका."

सिस्टर म्हणजे गावच्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, मीही. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, म्हणून तिच्यासकट सगळ्यांची मी बाई. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच कमरेएवढी भिंत. पंचवीस वर्षं त्या भिंतीवरून आम्ही एकमेकींना कालवणाच्या वाट्या दिल्या, वर्तमानपत्र दिलं, एकमेकींच्या पोरांना रागावलो. तिचा नवरा लवकर गेला. मुलगी लग्न होऊन पुण्याला. मुलगा मात्र तिच्याजवळ. चौथीत तो माझ्या वर्गात होता. पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यावर अडायचा आणि हसून खाली बसायचा. मोठा झाल्यावर ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर झाला.

दुसऱ्या लाटेत त्यानं किती माणसं सांगलीला आणि मिरजेला पोचवली असतील ते त्यालाच ठाऊक. घरी यायचा तो मागच्या दारानं, अंगणातच आंघोळ करायचा आणि गोठ्याच्या खोलीत झोपायचा, आईला लागण होऊ नये म्हणून. तरी तिला झाली. त्यालाही झाली. ती बरी झाली, तो मिरजेला नऊ दिवस राहून गेला. मृतदेह गावी आणायला परवानगी नव्हती. तिकडंच पुरला. आमचे पाळकसाहेब जाऊ शकले नाहीत, सिस्टर तर अजून घरात बंद होती. त्याच्या बरोबरच्या एका ड्रायव्हरनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. त्यात पांढरे पोशाख घातलेली चार माणसं आणि एक लांबट पिशवी दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं. मी भिंतीच्या अलीकडं उभी होते, ती पलीकडं खुर्चीत. मध्ये दहा फूट अंतर. तिनं मोबाइल माझ्याकडं धरला आणि म्हणाली, "बाई, ह्यो त्योच असंल न्हवं?"

मला तिच्याजवळ जाता आलं नाही. त्या वेळी कुणालाच कुणाजवळ जाता येत नव्हतं.

म्हणून छपराचं काम निघालं तेव्हा मला मनातून बरं वाटलं. तिला उठायला काहीतरी कारण झालं. आम्ही दोघींनी महिला मंडळ पुन्हा उभं केलं. दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, नाताळाला केक आणि करंज्या. उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर आनंद मेळावा भरवला. झुणका-भाकरीचा स्टॉल, उसाचा रस, पोरांसाठी रिंग टाकायचा खेळ. गावातल्या हिंदू बायकाही आल्या, त्यांनी भाकऱ्या थापायला हात लावला. एकीनं तर स्वतःची चूल उचलून आणली.

एकदा वडूजच्या चर्चच्या मंडळीनं करंज्या मागवल्या होत्या. आम्ही दोघी चार डबे घेऊन एसटीनं निघालो. मायणीच्या पुढं बस बंद पडली. दोन तास झाले, दुसरी गाडी येईना. उन्हात माणसं खाली उतरून बसलेली, पोरं रडायला लागलेली. सिस्टरनं डब्याचं झाकण काढलं आणि एका पोराच्या हातात करंजी दिली. मग त्याच्या आईनं पाकीट विकत घेतलं. मग कंडक्टरनं. वडूजला पोचेपर्यंत चारातले तीन डबे रिकामे. तिथले पाळक म्हणाले, आमच्या करंज्या कुठायत? सिस्टर म्हणाली, "आवं, रस्त्यात मंडळी भेटली, तितंच प्रभुभोजन झालं." पाळकांना हसावं की रागवावं कळेना. परतीच्या गाडीत आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढचा माणूस वळून बघायला लागला. मुलगा गेल्यानंतर ती अशी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

दोन वर्षं अशी गेली. वासे आले, पत्रे यायचे राहिले. तेवढं हंगामाच्या सणात भागवायचं असं ठरलं.

हंगामाचा सण आमच्याकडं दिवाळीनंतर असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं देवाला. शेत नसेल तो कोंबडी आणतो, अंडी, लोणच्याची बरणी, विणलेला स्वेटर. सगळं वेदीपुढं ठेवायचं. पाळकसाहेब त्यावर हात पसरून प्रार्थना करतात आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. त्यात एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळ्यांना माहीत असलेली. आपण अर्पण केलेली वस्तू आपल्यालाच परत घरी न्यायची असेल तर आपण बोली लावायची. बाकीच्यांनी दोन-तीनदा बोली वाढवायची, हसायचं आणि मग गप्प बसायचं. त्याला 'सोडवून नेणं' म्हणतात. एकदा देवाची झालेली वस्तू घरात आली की तिला वेगळी किंमत येते. माझ्या सासूबाईंनी अशी एक पितळी समई सोडवून आणली होती, ती त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

लिलाव दरवर्षी आमचे एक वडीलधारे पंच पुकारायचे. फौजेतले निवृत्त हवालदार, आवाज असा की तालुक्याला ऐकू जावा. त्या वर्षी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पंच म्हणाले, बाई, तुम्हालाच उभं राहावं लागेल, वर्गात ओरडायची सवय आहे. एकजण हळूच हसला, "बाईमाणसाला जमंल का?" ते मला लागलं. मी मनाशी ठरवलं की जमवून दाखवायचं.

आणि मी एक पाहुणा गाठला. विट्याकडची पुष्कळ माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, हे शेठ त्यातलेच. दुकान कोइमतूरला, दिवाळीत गावी येतात. त्यांच्या आईच्या शेवटच्या दिवसांत सिस्टर रोज घरी जाऊन इंजेक्शन द्यायची, त्यामुळं त्यांना आमच्या मंडळीबद्दल फार आदर. ते लिलावाला आले तर आकडे चढतील, असा माझा हिशेब.

सणाच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. मी ओसरीवर वस्तूंना लावायच्या चिठ्ठ्या कापत होते आणि मोबाइल कानाला होता, शेठना फोन लावलेला. सिस्टर भिंतीवरून न येता दारातून आली. तिच्या हातात पिशवी होती. तिनं त्यातून जुन्या कपड्यांची शिवलेली वाकळ काढली आणि माझ्यासमोर पसरली. चौकड्यांचा शर्ट, निळी जर्सी, एक पिवळट टीशर्ट, आणि मधोमध ड्रायव्हरच्या खाकी गणवेशाचा खिसा, पेन अडकवायच्या चिरेसकट जसाच्या तसा. चहूबाजूंनी बारीक टाके. महिने लागले असतील.

"बाई, ही वेदीफुडं ठेवणार हाय," ती म्हणाली. "पर सोडवून मीच न्हेणार हां."

"ने की, तुझीच हाय," मी म्हणाले, आणि तेवढ्यात फोन उचलला गेला. "नमस्कार शेठ!" असं म्हणत मी उठून अंगणात गेले. परत आले तेव्हा ती घडी घालून निघून गेली होती.

मी ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. ऐकलं होतं. उत्तरही दिलं होतं.

सणाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली तेव्हा मी शेठना खुर्ची द्यायला बाहेर आले होते, त्यामुळं वेदीपुढं सिस्टर कशी उभी होती ते मी पाहिलं नाही. नंतर दुसऱ्यांकडून कळलं की प्रार्थना संपल्यावरही ती बराच वेळ गुडघ्यावरच होती.

लिलाव सुरू झाला. पहिला नारळ पाचशेला गेला. मग मक्याची कणसं, डाळिंबाची पाटी, शेंगदाण्याची चटणी. एका घरानं आणलेला कोंबडा पायाची दोरी सोडवून पळाला आणि दोन पंच त्याच्यामागं स्मशानभूमीपर्यंत धावले. सगळी मंडळी हसली, मी त्या पळालेल्या कोंबड्याचाच भाव वाढवत नेला. "धरील त्याचा न्हाई, घेईल त्याचा!" लोक टाळ्या वाजवायला लागले. जो पंच हसला होता तोही वाजवत होता. माझ्या अंगात काहीतरी संचारलं होतं. आयुष्यभर पोरांना गप्प करण्यासाठी वापरलेला आवाज पहिल्यांदा कुणालातरी बोलतं करत होता.

मग वाकळ आली. मी दोन्ही हातांनी ती उंच धरली. "ही बघा आपल्या सिस्टरच्या हातची! एकेक टाका मोजून घ्या!" कुणाच्या कपड्यांची आहे ते मी बोलले नाही. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात होतं का? होतं असावं. खिसा माझ्या बोटांखालीच होता.

"पाचशे," सिस्टर म्हणाली.

रीतीप्रमाणं कुणी सहाशे म्हटलं, कुणी सातशे. सिस्टरनं हजार म्हटलं. सगळे गप्प झाले. हवालदार काळा चष्मा लावून माझ्या शेजारी बसले होते, ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, झालं. सोडा आता."

"एक वार," मी म्हणाले.

"पाच हजार," पुढच्या खुर्चीतून शेठ म्हणाले.

त्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. मागं बायकांत कोण बोली लावतंय हेही त्यांना दिसत नव्हतं. मांडवात टाळ्यांचा गजर झाला. सिस्टर म्हणाली, "सहा." शेठ म्हणाले, "दहा." सिस्टरचा आवाज आला, "अकरा." फार बारीक आवाज होता. मी तो मोठा करून सगळ्यांना ऐकवला, "अकरा!" आणि शेठकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, भुवया उचलल्या, वर्गात हुशार पोराकडं बघतो तसं.

"पंचवीस," शेठ म्हणाले.

सिस्टरचा हात अर्धा वर आला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मधे शंभर माणसं होती, तरी ती फक्त माझ्याकडं बघत होती. मी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. "शेठ, ही सोडवून न्यायची वस्तू आहे," एवढंच. शेठनी हसून माघार घेतली असती, आणि वर देणगीही दिली असती. तसेच ते गृहस्थ आहेत.

"एक वार," मी म्हणाले. "दोन वार."

तिचा हात खाली गेला. तिनं पदर सारखा केला.

"तीन वार!"

शेठ उठून मागं गेले, सिस्टरपुढं हात जोडले. "सिस्टर, तुमच्या हातचं काहीतरी आमच्या घरात असावं म्हणून घेतली." ती म्हणाली, "चांगलं झालं." जेवणाची पंगत बसली तेव्हा ती नव्हती. मला वाटलं, दमली असेल. पत्र्यांचे पैसे जमले होते. त्या रात्री मला छान झोप लागली, हे सांगताना आजही मान वर होत नाही.

तिसऱ्या दिवशी हवालदार नातवाचा हात धरून माझ्याकडं आले. पाणी घेतलं, चहाला नको म्हणाले. मग म्हणाले, "बाई, ती पोराच्या कापडाची हुती. तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय?"

मी त्यांच्यासमोरचा रिकामा तांब्या उचलून घेतला. ते समजले. नातवाला म्हणाले, "चल रं," आणि गेले.

मी शेठना फोन लावला. ते कोइमतूरला पोचले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते गाडीनं निघाले. निपाणीच्या पुढं हायवेच्या एका ढाब्यावर चहाला थांबले. थंडी कडाक्याची. बाहेर एक म्हातारा गोणपाट पांघरून बसला होता, दात वाजत होते. शेठनी वाकळ काढून त्याच्या अंगावर घातली. "मला वाटलं, देवाची वस्तू आहे, योग्य माणसाकडं जातेय," ते म्हणाले. "बाई, माझं चुकलं का?"

"नाही शेठ," मी म्हणाले. "तुमचं नाही चुकलं."

हे सिस्टरला सांगायला मला भिंत ओलांडायची होती, फक्त कमरेएवढी भिंत. मी दारानं गेले. ती परात मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती रागावेल, रडेल, मला बोलेल, असं वाटत होतं. तिनं खडा बाजूला टाकला आणि विचारलं, "कुठला ढाबा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. सांगली, तिथून कोल्हापूर, तिथून निपाणीची गाडी, पुढं वडापची जीप. अख्ख्या वाटेत ती खिडकीला बसून होती. शेठनी खुणा नीट सांगितल्या होत्या, ढाबा सापडला. मालक कानडी वळणाचं मराठी बोलणारा. म्हणाला, "अज्जा व्हय? येतोय, जातोय. दोन दिस झालं, दिसला न्हाई."

आम्ही पुलाखाली बघितलं. एका देवळाच्या ओवरीत बघितलं. एसटीच्या थांब्यावर एक बाई पेरू विकत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, म्हातारा एका ट्रकात बसून बेळगावच्या बाजूला गेला.

"अंगावर पांघरूण हुतं का?" सिस्टरनं विचारलं.

"हुतं की. रंगीत हुतं. आन् मदी खाकी खिसा. त्यात त्यानं बिड्या ठेवल्या हुत्या."

सिस्टरनं विचारलं, "बेळगाव कुठल्या अंगाला?" बाईनं हात करून दाखवलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या थांब्यावर होतो. परतीची गाडी येईपर्यंत सिस्टर त्या दिशेच्या रस्त्याकडंच तोंड करून उभी होती. मी तिला बस म्हणाले, ती बसली नाही.

निपाणी मागं पडल्यावर ती बोलली. "बाई, एक इचारू? माझा हात दिसला हुता तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. गर्दी होती, उन्हाचा डोळ्यावर कवडसा होता, काहीही सांगता आलं असतं. पण पंचवीस वर्षं तिच्याशी खोटं बोलायची वेळ आली नव्हती, आणि त्या दिवशीही जीभ वळली नाही.

"दिसला होता," मी म्हणाले.

"मग?"

छपरासाठी केलं, असं म्हणावंसं वाटलं. तेही खरं नव्हतं. "टाळ्या वाजत होत्या, सिस्टर," मी म्हणाले. "मला त्या ऐकू येत होत्या."

तिनं मान हलवली, जशी ती पेशंटचं ऐकून हलवायची. मग खिडकीबाहेर बघत सांगायला लागली. "त्याला मी माती दिली न्हाई. त्याच्यासाटनं चर्चमदी घंटा वाजली न्हाई. म्हनून मला त्याचं काहीतरी एकदा वेदीफुडं ठेवायचं हुतं. पाळकसाहेबांनी हात धरायचा, प्रार्थना व्हायची, आन् मग मी त्याला घरी न्यायचं. लिलावासाटनं अकरा हजार बाजूला ठेवलं हुतं. तेवढंच हुतं. आनखी हुतं तर आनखी बोलली असती."

"मला सांगायचं तरी होतंस गं, त्या वेळी ओरडून," मी म्हणाले. म्हणताच कळलं की मी काय बोलतेय.

"सांगितलं हुतं की," ती म्हणाली. "तुझ्या ओसरीवर."

कोल्हापूरला गाडी बदलायची होती. मी स्टँडवरच्या कँटीनमधून दोन चहा आणले. तिनं ग्लासाकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमी घ्या. मला नगं."

तुमी. पंचवीस वर्षांत तिनं मला कधी तुमी म्हटलं नव्हतं. मी दोन्ही ग्लास धरून तशीच उभी राहिले. चहा निवला, मग एक ग्लास ओतून दिला, दुसराही ओतून दिला.

छप्पर झालं. लाल पत्रे, खाली पांढरं सीलिंग, पंखे. समर्पणाच्या उपासनेला सांगली-मिरजेचे पाळक आले. सिस्टर आली होती, आपल्या नेहमीच्या बाकावर बसली होती, गीतं म्हणत होती. पाळकसाहेबांनी सत्कारासाठी मला पुढं बोलावलं. मी त्यांना आधी दोनदा सांगितलं होतं की नको. पण सगळ्यांसमोर हाक आली आणि मी उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनंही वाजवल्या. शाल काढून टाकायचं धैर्य मला झालं नाही. उपासना संपेपर्यंत ती अंगावरच होती आणि आत घामानं मी भिजून गेले होते.

महिला मंडळाचं काम मी सोडलं. लोकांना वाटलं, वय झालं. त्यानंतर एकदा मी पाळकसाहेबांना भेटून सगळं सांगितलं. तिच्या मुलासाठी नव्या छपराखाली एक उपासना ठेवू या, घंटा वाजवू या, असं सुचवलं. त्यांना पटलं. ते स्वतः तिच्या घरी गेले. परत येऊन म्हणाले, "सिस्टर म्हणते, आता नको. ते एकदाच करायचं असतं, आणि ते माझं झालंय."

ती वर्षातले बरेच महिने आता पुण्याला मुलीकडं असते. इथं असते तेव्हा भिंतीपलीकडून तिची चाहूल लागते. भेटलो की बोलते. कुठं चाललाय, बरं हाय का, पाणी आलं का. मी तिच्या घरी गेले तर कपाटातले चांगले कप काढून त्यात चहा देते. पूर्वी आम्ही एकाच वाटीत चहा ओतून प्यायचो.

मागच्या थंडीत मला डेंग्यू झाला. माझी मुलं लांब, डॉक्टर म्हणाले घरीच सलाईन लावू, पण लावायला माणूस मिळेना. कुणीतरी तिला सांगितलं असावं. ती आली. माझा हात हातात घेतला, शीर शोधली, एका झटक्यात सुई बसवली. दुखलं नाही. तिचा हात अजूनही तसाच हलका. मग खुर्ची ओढून ती बाटलीकडं बघत बसली. दोन तास आम्ही दोघीच त्या खोलीत होतो.

"सिस्टर," मी म्हणाले, "मला माफ कर."

"माफ कवाच केलंय, बाई," ती म्हणाली. "पर तुमास्नी बघितलं की मला त्ये अंगनच दिसतंय. मी तरी काय करू?"

मी रडायला लागले. ती म्हणाली, "हलू नका, सुई सरकंल." मी रडणं थांबवायचा प्रयत्न केला. बाटली संपल्यावर तिनं सुई काढली, कापूस दाबून धरला, रक्त थांबेपर्यंत धरून ठेवला. संध्याकाळी मऊ भात खा म्हणाली, पाणी भरपूर प्या म्हणाली. सामान पिशवीत भरलं आणि दार ओढून घेऊन गेली. थोड्या वेळानं नळाला पाणी आलं आणि पलीकडं तिची कळशी भरायला लागल्याचा आवाज आला.